मधला पडदा
(कै. राम गणेश गडकरी यांचे चरित्र)

नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेने निघाले म्हणजे पस्तीसेक किलोमीटरवर सावनेर लागते. कापसाचा आणि संत्र्यांचा मुलूख. तालुक्याचे गाव, आठवड्याचा बाजार, देवळे, शाळा, सगळे चारचौघांसारखेच. याच गावात २३ जानेवारी १९१९ रोजी मराठीतला एक मोठा नाटककार क्षयाच्या दुखण्याने वारला. वय उणेपुरे तेहेतीस. त्यांचे एक नाटक लिहून तयार होते, पण अजून रंगभूमीवर यावयाचे होते. दुसरे अंथरुणावर पडल्यापडल्या नुकतेच हातावेगळे झाले होते. तिसरे अर्धेच राहिले, ते कायमचे. त्यांचे नाव राम गणेश गडकरी.

आमच्या मासिकात संतांची चरित्रे यावयाची; नाटककाराचे चरित्र इथे कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. येणे साहजिक आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाचे नाटकगृहाशी काय काम? पण माळ घालताना आपण जी पथ्ये पत्करतो, त्यांत दारूला शिवायचे नाही हे एक आहे. थोडी चालेल, सणासुदीला चालेल, अशी सूट त्यात नाही. ही सूट का नाही, हे कीर्तनकार आपल्याला एका रीतीने सांगतात. गडकऱ्यांनी तेच दुसऱ्या रीतीने, एक अंक संपवून आणि पडदा पाडून सांगितले. तो पडदा त्यांनी कुठे पाडला आणि तिथेच का पाडला, हे समजून घ्यावे म्हणून हे चरित्र सांगावयास बसलो आहोत.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारीस झाला. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती. घर मराठी, भोवतालचा मुलूख गुजराती. त्यामुळे लहानपणी गुजराती त्यांच्या कानावर भरपूर पडली. पुढे ज्यांच्या मराठीने महाराष्ट्राला वेड लावले, त्यांचे बालपण असे मराठी मुलखाबाहेर गेले, हे ऐकून नवल वाटते. वडिलांचे छत्र लहानपणीच गेले. घरची स्थिती बेताची. मग कर्जत, पुणे असे करीत शिक्षण झाले. मॅट्रिक होऊन फर्ग्युसन कॉलेजात गेले खरे, पण तिथे काही जमले नाही. गणिताशी वैर होते म्हणतात. पदवी राहिली ती राहिलीच.

पोट तर भरले पाहिजे. वर्तमानपत्रात काम केले, शाळेत शिकवून पाहिले, आणि फिरत फिरत किर्लोस्कर नाटक मंडळीत येऊन पडले. तिथले काम काय, तर कंपनीतल्या लहान पोरांना शिकवायचे आणि वेळ पडेल तेव्हा दारावर उभे राहायचे. तिकीट पाहून माणूस आत सोडायचा. ज्याची नाटके पाहायला पुढे लोकांनी रांगा लावल्या, तो आधी असा दाराशी उभा होता.

आम्हांस वाटते, गडकऱ्यांची खरी शाळा ही. मंचावरच्या नटाला समोर काळोख दिसतो, लेखकाला कागद दिसतो. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र प्रेक्षक दिसतो. अंकाचा पडदा पडला की कोण जांभई देत बाहेर येतो, कोण सोडावॉटर पिऊन घरची वाट धरतो, आणि कोण जागचा हलतच नाही, हे त्याच्याइतके कोणास कळणार? अंक कुठे संपवावा म्हणजे माणूस परत आत येतो, हे शिकायचे तर त्या दाराइतकी चांगली जागा नाही.

इथे संगीत नाटकाची थोडी मागची हकिकत सांगितली पाहिजे, कारण किर्लोस्कर मंडळी म्हणजे त्या नाटकाचे उगमस्थान. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्या दिवशी सात अंकी नाटकाचे पहिले चारच अंक झाले. चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून सासरी निघते. राजाने दिलेली अंगठी तिच्याजवळ आहे, दुर्वासाचा शाप तिच्या डोक्यावर आहे, आणि तो तिला ठाऊक नाही. लोकांना ठाऊक आहे. अशा जागी नाटक थांबले आणि लोक घरी गेले. पुढे १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘संगीत सौभद्र’ आले, तेही पहिल्याने तीनच अंक. सगळे नाटक पुढच्या वर्षी झाले. ‘रामराज्यवियोग’ तर तीन अंकांवरच राहिले, कारण १८८५ साली अण्णासाहेबच गेले.

हे असे अर्ध्यावर थांबणे बहुधा तयारीच्या अडचणीने झाले असेल. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. शकुंतलेची कथा, सुभद्रेची कथा लोकांना नवी होती काय? मुळीच नाही. पुराणिकांच्या आणि हरिदासांच्या तोंडून ती त्यांनी पन्नास वेळा ऐकली होती. सुभद्रा शेवटी अर्जुनाचीच होणार, हे लहान पोरही सांगते. तरी लोकांचा जीव टांगणीस लागला आणि पुढचे अंक पाहायला ते आले. म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक नसले तरच उत्कंठा वाटते, असे नाही. ठाऊक असूनही वाटते. किंबहुना ठाऊक असते म्हणूनच जास्त वाटते. समोरचे पात्र आंधळेपणाने खड्ड्याकडे चालले आहे, आपल्याला तो खड्डा दिसतो आहे, आणि हाक मारायची सोय नाही. खरी टांगणी ही.

आपल्या कीर्तनाच्या जगात ही गोष्ट जुनी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग झाला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो, आणि त्यानंतर उत्तररंगाचे आख्यान लागते. मधल्या त्या घटकाभरात मंडळी पाय मोकळे करतात, पण उठून घरी जात नाहीत. पूर्वरंगात बुवांनी एक प्रश्न मनात पेरून ठेवलेला असतो, तो बसवून ठेवतो. सप्ताहात पोथी रोज कुठे तरी थांबते. वाचणारा जाणता असला तर तो अध्यायाच्या आकड्याकडे न बघता ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून थांबतो. किर्लोस्करांच्या नाटकात साक्या आल्या, दिंड्या आल्या, त्या कीर्तनाच्याच ओळखीच्या. तेव्हा अंक संपवायची हातोटीही थोडीफार तिथूनच आली असेल, असे म्हणावयास हरकत नाही.

संगीत नाटकात मात्र एक पेच असतो, तो साध्या गोष्टीत नसतो. गाणे रंगले की गोष्ट थांबते. नट सुराला लागला, लोकांनी वन्स मोअर दिला, तेच पद दोनदा, तिनदा झाले. ऐकणारा सुखावतो, पण सुखावला की त्याच्या मनातली गाठ सैल पडते. भीती गेली, काळजी गेली, राहिला नुसता सूर. मग अंकाच्या शेवटी ऐन गाठीवर पद घातले तर पडदा पडताना प्रेक्षक तृप्त असतो. तृप्त माणूस घरी जाऊन निजतो. म्हणून जाणत्या नाटककाराला जपावे लागते. पद गाठ बसण्याच्या आधी द्यावे, म्हणजे जे घडू नये ते घडायला तेवढाच उशीर होतो आणि उशिराने काळजी वाढते. गाठ बसली की मोजके शब्द आणि पडदा. आणखी एक तोड अशी, की ज्या पात्राला संकटाची पुरती कल्पना नाही त्याच्या तोंडी गाणे द्यावे. ते गाते आणि आपल्या पोटात कालवते.

गडकरी हे सारे जवळून पाहत होते. त्यांनी गुरू मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकर आमच्या वऱ्हाडातले वकील, खामगावास आणि मग जळगाव जामोदला राहणारे. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ अशी संगीत नाटके त्यांनी लिहिली. कल्पक कथानक, गुंतागुंत आणि कोटीबाज भाषा ही त्यांची तऱ्हा. गडकऱ्यांनी ती उचलली आणि आपल्या रक्तात अशी मिसळली की पुढे लोक शिष्याचेच नाव आधी घेऊ लागले. कविता त्यांनी गोविंदाग्रज या नावाने लिहिल्या आणि विनोद बाळकराम या नावाने. एकाच माणसाच्या हातून रडवणारे आणि हसवणारे असे दोन्ही लेखन झाले, आणि ते नाटकात त्यांच्या कामी आले. ‘प्रेमसंन्यास’ हे पहिले नाटक गद्य होते. ‘पुण्यप्रभाव’ १९१६ साली किर्लोस्कर मंडळींनी केले. साध्वी वसुंधरेवर आणि तिच्या तान्ह्या मुलावर संकट आणणारा दुष्ट वृंदावन आणि त्याच्यासमोर निःशस्त्र उभी राहिलेली आई, असा त्यातला प्रसंग लोकांच्या मनात ठसला.

आणि मग ‘एकच प्याला’.

कथा साधी आहे. सुधाकर हा हुशार, मानी, तरुण वकील. गरिबीतून वर आलेला. सिंधू ही त्याची बायको, मोठ्या घरची लेक, पण नवऱ्याच्या घरी सुखात असलेली. रामलाल हा जिवाचा मित्र. तळीराम हा सुधाकराचा कारकून आणि पक्का दारुडा. भर कोर्टात सुधाकराचा अपमान होतो, त्याचा तोल जातो, बोलू नये ते तो बोलतो आणि सहा महिन्यांसाठी त्याची सनद रद्द होते. घरी येतो तो पेटलेला. डोके फुटेल असे झाले आहे. तळीराम सांगतो, थोडी घ्या, बरं वाटेल. जास्त नको, एक पेला. सुधाकर तो घेतो. पहिला अंक संपतो.

बस्स, इतकेच. खून नाही, तलवार नाही, कोणी पळवून नेले नाही. एका माणसाने एक पेला हातात घेतला. आणि यावर गडकऱ्यांनी पडदा पाडला.

थोडे थांबून पाहू, की हे त्यांनी कसे जुळवून आणले. पहिली गोष्ट, नाटकाचे नाव. जाहिरातीतच प्याला आहे, म्हणजे दारातून आत येणाऱ्याला ठाऊक आहे की तो येणार. सुधाकर-सिंधूचा सुखाचा संसार तो पाहतो, पण स्वस्थपणे पाहत नाही. प्याला कुठून येतो याची वाट पाहत असतो. दुसरी गोष्ट, रामलाल. सुधाकराला आवरील असा एक माणूस म्हणजे हा मित्र, आणि नाटक उघडते तेच रामलाल विलायतेस निघाला आहे येथून. मित्र दूर गेला, मग सनद गेली, आणि जवळ उरला तो तळीराम. एक एक दार नाटककाराने लावून घेतले आणि शेवटी एकच उघडे ठेवले. तिसरी गोष्ट, सुधाकर वाईट माणूस नाही. तो वाईट असता तर प्रेक्षकाने मान हलवून पान लावले असते. तो चांगला आहे, रागावला आहे तोही पुष्कळसा रास्त. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, असे ज्याच्या त्याच्या मनात येते. आणि चौथी, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो प्याला लहान आहे. त्याने काही म्हटल्या काही बिघडत नाही. पडदा पडतो तेव्हा सुधाकराचे घर उभे आहे, बायको सुखरूप आहे, सहा महिन्यांनी सनदही परत मिळायची आहे. काहीच झालेले नाही. आणि सगळे होऊन चुकले आहे.

पाच अंकांचे नाटक, म्हणजे मधे चार विश्रांत्या. पहिल्या विश्रांतीत प्रेक्षक चहा प्यायला बाहेर येतो आणि मनाशी म्हणतो की अजून वेळ आहे. पुढे बाळकरामाचा हात दिसतो. तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ, त्यातले एकाहून एक वल्ली, त्यांची वादंगे. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसता हसता चपापतो, कारण त्या टोळक्यात आता सुधाकर आहे. सिंधूवर दळण दळून पोट भरण्याची पाळी येते. मध्ये सुधाकर शुद्धीवर येतो, दारू सोडण्याची शपथ घेतो, कामधंदा मागायला जातो. हा भाग नीट पाहावा. ज्यांनी हात द्यावयाचा, ते तोंड फिरवतात. दारुडा म्हणून ओळखला गेलेल्या माणसाला कोणी उभे करीत नाही. तो पुन्हा बाटलीकडे वळतो तो त्या दिवशी. पुढचे सांगताना लेखणी अडखळते. तान्हे मूल बापाच्याच हातून जाते. सिंधू मरते, आणि मरता मरता नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून जपते. शेवटच्या प्याल्यात सुधाकर विष घेतो.

या सबंध नाटकात गाण्याचा मोठा वाटा सिंधूकडे आहे. सुधाकराचे बळ गाण्यात नाही, बोलण्यात आहे. जी स्त्री सगळे सोसते ती गाते, आणि जो बुडतो तो बोलतो, पुढे बरळतो. गाण्याने प्रेक्षकाची गाठ सैल होते असे वर म्हटले, ते इथे उलटे होते. सिंधूचा सूर जितका गोड लागतो, तितकी तिच्या पुढच्या दिवसांची धास्ती वाढते.

पण ही पदे गडकऱ्यांची नव्हेत. नाटक लिहून झाले, पदे राहिली. तोवर दुखणे बळावले होते. क्षयाला त्या काळी औषध नव्हते. हवा बदला, दूध प्या, विश्रांती घ्या, एवढेच. कवी म्हणून ज्याचे नाव गाजत होते त्याला आपल्याच नाटकाची गाणी लिहिता येईनात. ते काम विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी केले. पोर एकाचे आणि अंगडेटोपडे दुसऱ्याने शिवलेले, पण ते असे बेतले गेले की कोणास वेगळेपण दिसत नाही. गुर्जरांचे नाव आज फारसे कोणी काढत नाही, म्हणून ते इथे मुद्दाम लिहिले.

आजारी अवस्थेत गडकरी सावनेरला आले. पुणे दूर राहिले, नाटकगृहांचे दिवे दूर राहिले. आता भोवती आमचे हे नागपूरकडचे गाव होते. थंडीचे दिवस. अशा स्थितीतही हातात काम होते. बळवंत संगीत मंडळी ही नवी कंपनी १९१८ साली निघाली होती. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे अशी तरुण माणसे तिच्यात होती. त्यांच्यासाठी ‘भावबंधन’ पुरे करावयाचे होते. ते अगदी अखेरच्या दिवसांत पुरे झाले. ‘राजसंन्यास’ मात्र राहिले. संभाजी महाराजांवरचे ते नाटक पुरे झाले असते तर काय झाले असते, याची हळहळ मराठी वाचकाला अजून आहे. ‘वेड्यांचा बाजार’ही तसेच अपुरे. किर्लोस्करांच्या हातून जसे ‘रामराज्यवियोग’ सुटले, तसेच हे. मधला पडदा पडला आणि पुढचा अंक लिहिणारा राहिला नाही.

२३ जानेवारीस ते गेले. पुरता महिनाही झाला नव्हता, तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळींनी बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बडोदे संस्थानात ज्याचा जन्म, त्याचे नाटक बडोद्यातच प्रथम उभे राहिले, आणि पाहायला तो नव्हता. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. बालगंधर्वांच्या भूमिका म्हणजे शालू, दागिने, राजकन्या अशी लोकांना सवय. त्यांना फाटक्या लुगड्यातली सिंधू पाहावी लागली. पहिल्या अंकाचा पडदा पडला तेव्हा त्या नाटकगृहाच्या दाराशी कोणी तरी उभा असेलच. बाहेर येणाऱ्यांची तोंडे त्याने पाहिली असतील. ज्याने पाहावयाची, त्याला ती पाहता आली नाहीत.

नाटक गाजले. कोणी म्हणाले अतिशयोक्ती आहे, कोणी म्हणाले सिंधू फार सोसते, एवढे सोसणे बरे नव्हे. या म्हणण्यातही तथ्य आहे. नवऱ्याने मारावे आणि बायकोने झाकावे, हा आदर्श म्हणून आज कोणी आपल्या लेकीपुढे ठेवू नये, आम्हीही ठेवणार नाही. पण दारूची ओढ कशी सुरू होते, हे जे गडकऱ्यांनी दाखवले, त्यात खोट काढता येत नाही. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन झाले, असहकाराची हाक गावोगाव गेली, आणि तिच्याबरोबर दारूच्या दुकानांपुढे निरोधने सुरू झाली. पुढे आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली, १९९३ साली गडचिरोलीत झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. कायदे येतात, जातात. पहिला प्याला कायद्याच्या पुष्कळ अलीकडे, माणसाच्या घरात भरला जातो.

आता एक आमची गोष्ट सांगतो. सांगू की नको असे पुष्कळ दिवस वाटत होते.

आमच्या मंडळात एक टाळकरी होता. नाव सांगत नाही. गिरणीत कामाला. आवाज गोड, पाठ भरपूर, एकादशीला कधी चुकला नाही. गिरणी बंद पडली. पन्नाशीच्या आत माणूस घरी बसला. दोन-चार ठिकाणी काम मागून आला, कोणी ठेवला नाही. एका एकादशीला भजनाला आला तेव्हा गळ्यात माळ नव्हती. आम्ही पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. त्याने टाळ हातात घेतला, आम्ही पखवाज जुळवला, भजन झाले, प्रसाद झाला. कोणी विचारले नाही. आम्ही मनाशी म्हटले, दुःखाचा भर आहे, जाईल, एवढ्यात काय बिघडते. मग तो येईनासा झाला. तेव्हाही म्हटले, येईल. वर्षभराने त्याची बायको दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्याचे कानी आले. तीन वर्षांनी तो गेला. त्याच्या घरी आम्ही सर्व मिळून गेलो, पण ते सुतकात.

‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले, की माळ नसलेला तो गळा म्हणजे पहिल्या अंकाचा पडदा होता. आणि आम्ही विश्रांतीत चहा पीत बसलो होतो. नाटकातल्या प्रेक्षकाला मंचावर चढून सुधाकराचा हात धरता येत नाही, त्याचा इलाज नाही. आम्हांला तर येत होता. चार घरे टाकून त्याचे घर होते.

गडकऱ्यांनी रामलालला विलायतेस पाठवले, ते नाटकाची सोय म्हणून. आम्ही सारे गावातच होतो आणि तरी विलायतेस गेल्यासारखे वागलो. नाटकात भगीरथ म्हणून एक पात्र आहे. प्रेमभंगाने तोही दारूत बुडालेला असतो, पण रामलालचा हात मिळतो आणि तो सुटतो. सुधाकर आणि भगीरथ यांत फरक काय? एकाला हात वेळेवर मिळाला, दुसऱ्याला उशिरा. सुधाकराची कथा ऐकून लोक रडतात. भगीरथाची कथा आठवणीत ठेवीत नाहीत. ठेवली पाहिजे.

म्हणून या लेखातून घ्यावयाचे ते एवढेच. पहिला प्याला झाला की लगेच काही होत नाही, मधे विश्रांती असते. गडकऱ्यांनी ती नाटकात बरोबर दाखवली. ती विश्रांती फसवी असते, कारण घर उभे असते आणि माणूस हसत असतो. पण तेवढाच वेळ आपल्या हाती असतो. कोणाच्या गळ्यातली माळ दिसेनाशी झाली, कोणी दोन एकादश्या भजनाला आला नाही, कोणाचे काम सुटले, तर त्याच रात्री त्याच्या घरी जावे. उपदेश करू नये. जेवायला बसावे, विचारपूस करावी, कुठे काम आहे का ते पाहावे, आणि पुढच्या दिवशी पुन्हा जावे.

आमच्या वाचकांपैकी कोणी सावनेरच्या बाजूस गेला, तर घटकाभर थांबावे आणि इथे एक नाटककार तेहेतिसाव्या वर्षी गेला हे बरोबरच्या पोरांना सांगावे. त्याचे पुढचे अंक राहिले. आमच्या टाळकऱ्याचेही राहिले. ज्यांचे राहिलेले नाहीत अशांपैकी एखादे घर आज रात्री आपल्या वाटेवर असेल. तिकडे वळावे, एवढे विनवून लेखणी खाली ठेवतो.